गहू बंद, दूध बंद; पुढे काय?

मुलाला स्वमग्नता आहे असं निदान झालं की घरात पहिले काही दिवस कुणी फारसं बोलत नाही. मग सल्ले सुरू होतात, आणि त्यांतले निम्मे खाण्याचे असतात. गहू बंद करा. दूध बंद करा. उंटिणीचं दूध मागवा. अमुक बाटली अमेरिकेहून आणवा. थेरपीसाठी नंबर लागायला वेळ जातो. ताट मात्र आजच्या आज बदलता येतं, म्हणून आईबाप तिथूनच सुरुवात करतात.

खालचा संवाद दोन बहिणींचा आहे. धाकटी सहा वर्षांच्या चिनूची आई. थोरली रुग्णालयात आहारतज्ज्ञ, चिनूची मावशी. पात्रं कल्पित आहेत, पण त्यांनी उल्लेख केलेले अभ्यास खरे आहेत. माझा कल थोरलीकडे आहे, हे लपवत नाही. पण धाकटी जे विचारते त्याला उत्तर देता येत नसेल, तर थोरलीच्या ज्ञानाचा त्या घराला काही उपयोग नाही.

आई: ताई, आधीच सांगते, मला कुणी समजावायला नकोय. गहू आणि दूध बंद केल्यापासून चिनू रात्री झोपतो. आधी दोन-दोन वाजेपर्यंत जागा असायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. आता आपटत नाही. हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी रोज बघतेय.

मावशी: तू बघतेयस ते खरंच आहे. मला वेगळंच विचारायचंय. आधी त्याला शी कशी व्हायची?

आई: चार-चार दिवस व्हायची नाही. झाली की खड्यासारखी, रडून रडून. दुधावरच होता गं तो. दिवसाला लिटरभर सहज प्यायचा, जेवायचा नाही.

मावशी: मग ऐक. १९९८ साली इटलीतल्या डॉक्टरांनी जुनाट बद्धकोष्ठ असलेल्या ६५ मुलांना काही दिवस गाईचं दूध आणि काही दिवस सोयाचं दूध दिलं. सोयाच्या दुधावर ४४ मुलांचं पोट सुटलं, गाईच्या दुधावर एकाचंही नाही. ती मुलं स्वमग्न नव्हती. काही मुलांना दूध बांधतं, एवढंच. आता असं पोट घेऊन झोपायचं, आणि दुखतंय हे सांगायला शब्द नाहीत. असं मूल काय करेल? डोकंच आपटेल. चिनूचं पोट मोकळं झालं, दुखणं गेलं, म्हणून झोप लागली, असं मला वाटतं.

आई: म्हणजे उपयोग झालाच ना? मग वाद कशाचा?

मावशी: कारणाचा. कारण चुकीचं धरलं की पुढचं सगळं चुकतं. दूध कमी केल्यानं पोट सुधारलं असेल, तर गहू बंद ठेवायचं कारण उरत नाही. तू देतेस त्या पूरकांच्या सहा बाटल्याही लागत नाहीत. तुला मात्र सांगितलं गेलंय की आहारानं त्याची स्वमग्नता उतरतेय. म्हणून त्याच्या ताटात एक कण पोळी पडली तरी तू घाबरतेस.

आई: ज्यांच्याकडे गेलो होतो त्यांनी नीट समजावलं होतं. गव्हातलं ग्लुटेन आणि दुधातलं केसीन या मुलांना पचत नाही. त्यातून अफूसारखे पदार्थ तयार होतात, आतड्यातून झिरपतात आणि मेंदूवर जातात. म्हणून मूल आपल्याच तंद्रीत राहतं. मला ते पटलं, कारण चिनू खरंच तसा दिसायचा.

मावशी: ही कल्पना कुणा भोंदूची नाही. १९७९ मध्ये याक पांक्सेप या शास्त्रज्ञानं स्वमग्नता आणि शरीरातली अफूसारखी द्रव्यं यांचा संबंध असावा असं सुचवलं. पुढे नॉर्वेच्या काल्ले राइकेल्ट यांनी मुलांच्या लघवीत तसे तुकडे सापडतात असं मांडलं. त्या काळी तो प्रश्न विचारण्यासारखाच होता. पण मग २००८ मध्ये ब्रिटनमधल्या गटानं जास्त अचूक उपकरणांनी ६५ स्वमग्न मुलग्यांची लघवी तपासली, इतर मुलांशी ताडून पाहिली. ते तुकडे सापडलेच नाहीत. प्रश्न विचारला गेला, उत्तर आलं. ते उत्तर तुला त्या खोलीत कुणी सांगितलं नाही, याचा मला राग आहे.

आई: पण आहार देऊन पाहिलाय लोकांनी. नॉर्वेतच. मुलं सुधारली होती, मी वाचलंय.

मावशी: हो, २००२ मध्ये. वीस मुलं, त्यांतल्या दहांना वर्षभर हा आहार. सुधारणा दिसली. पण कोणाच्या ताटात काय आहे हे आईवडिलांना ठाऊक होतं. २००६ मध्ये फ्लॉरिडात १५ मुलांना जेवण बाहेरून पुरवलं. कोणत्या आठवड्यांत कोणतं जेवण हे घरच्यांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नाही. मोजमापात फरक पडला नाही. तरी काही आईवडील म्हणाले की आम्हाला फरक दिसला, आम्ही आहार चालू ठेवणार. मग रॉचेस्टरच्या सुझन हायमन यांचा अभ्यास, २०१६ मध्ये छापलेला. १४ मुलांना आधी काटेकोर आहारावर आणलं. नंतर अधूनमधून एक खाऊ दिला. कधी त्यात ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही. कुणालाच ठाऊक नाही. झोप, शी, वागणं, सगळं नोंदवलं. कशातही बदल नाही.

आई: चौदा आणि पंधरा! ताई, एवढ्याशा मुलांवरून तू मला सांगणार? चिनू त्यांच्यातला नसला तर? फरक सापडला नाही म्हणजे फरक पडतच नाही, असं थोडंच आहे?

इथे धाकटीचं बरोबर आहे. हे अभ्यास लहान आहेत, आणि सगळ्या स्वमग्न मुलांना एका दावणीला बांधता येत नाही.

मावशी: नाही, तसं नाही. एखाद्या मुलाला गव्हाचा खरा त्रास असू शकतो. सिलिअ‍ॅक नावाचा आजारच आहे, स्वमग्न मुलालाही तो होऊ शकतो. त्याची रक्ततपासणी असते. केली होती का गहू बंद करायच्या आधी?

आई: नाही. कुणी सांगितलं नाही.

मावशी: आता केली तर कदाचित काही दिसणार नाही. गहू पोटात जात असतानाच ती तपासणी खरं सांगते. बंद केल्यावर रक्तातल्या खुणा हळूहळू पुसल्या जातात.

आई: म्हणजे परत महिनाभर पोळ्या घालायच्या, निव्वळ तपासणीसाठी? मला नाही जमणार. तो परत जागायला लागला तर मीच कोसळेन.

मावशी: आज नको घालूस. पण एक गोष्ट सांगते, अमेरिकेतलीच. १९९८ मध्ये सिक्रेटिन नावाच्या संप्रेरकाच्या इंजेक्शननं तीन मुलं सुधारली, अशी नोंद आली. हजारो आईबाप ते इंजेक्शन शोधायला लागले. १९९९ मध्ये नीट चाचणी झाली. ६० मुलं, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं खारं पाणी. दोन्ही गटांत सारखीच सुधारणा. खाऱ्या पाण्यावरसुद्धा! आणि निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के आईवडील म्हणाले, आम्हाला या औषधात अजून रस आहे.

आई: म्हणजे आम्ही भोळे.

मावशी: तसं मी कधीच म्हणणार नाही. मूल वाढत असतं गं. या महिन्यांत चिनू मोठा झाला, त्याची ऑक्युपेशनल थेरपी सुरू झाली, शाळेत नवीन बाई आल्या, तूही त्याच्याकडे जास्त बारकाईनं बघायला लागलीस. सगळं एकदम झालं आणि श्रेय सगळं गव्हाला गेलं. चिनूनं शिकून मिळवलेलं तू पोळीच्या नावावर मांडतेस, हे मला सोसत नाही.

आई: तुला सोसत नाही. आणि मला काय काय सोसावं लागतं, ते? सासूबाई म्हणतात, गरोदरपणी तू पपई खाल्लीस. जाऊबाई म्हणतात, मोबाइल दिलास. ग्रुपवर बायका लिहितात, ज्या आया मनापासून आहार पाळतात त्यांचीच मुलं बोलायला लागतात. उद्या चिनू बोललाच नाही, तर मला आयुष्यभर वाटत राहील की एक बाटली राहिली म्हणून झालं. तू अभ्यास सांगतेस. मला रात्री झोपताना हे वाटतं.

या बोलण्यावर कोणत्याही तक्त्यात उत्तर नाही. स्वमग्न मुलाच्या आईवर ठपका ठेवण्याची रीत जुनी आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला मोठमोठे मानसोपचारतज्ज्ञ सांगत की आई थंड, प्रेमशून्य असते म्हणून मूल असं होतं. ब्रूनो बेटेलहाइम यांचं १९६७ चं पुस्तक याच समजावर उभं होतं. त्याच्या आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता, स्वमग्नता शरीरातून, मेंदूच्या घडणीतून येते असं ठामपणे मांडलं आणि आयांना त्या आरोपातून मोकळं करायला सुरुवात केली. पुढे याच रिमलंड यांनी जीवनसत्त्व ब-६ च्या मोठ्या मात्रांचा हिरिरीनं पुरस्कार केला, आणि पूरक गोळ्यांची वाट रुंद झाली. हेतू चांगलाच होता. पण आईच्या डोक्यावरचं ओझं उतरलं नाही. आधी तिचं प्रेम कमी पडत होतं, आता तिचा स्वयंपाक कमी पडतो.

मावशी: तुझं काहीही राहिलेलं नाही. पपईनं नाही, पोळीनं नाही, तुझ्या कशानंच हे झालेलं नाही. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, माझ्या पेशाला स्मरून सांगते. आणि जो आहार आईला गुन्हेगार करतो, त्यात कितीही नाचणी असली तरी तो मी लिहून देणार नाही.

आई: (बऱ्याच वेळानं) नाचणी तो खातच नाही.

मावशी: काय खातो मग?

आई: भात. तुरीचं वरण खायचा, आता सोडलं. एकाच कंपनीचे बटाट्याचे वेफर्स, पाकिटाचा रंग बदलला तर तेही नाही. केळं. आधी तूप लावलेली मऊ पोळी खायचा, दोन-दोन. दही आवडायचं. ते दोन्ही गेलं. ज्वारीची भाकरी करते मी, अर्धी खातो कशीबशी.

मावशी: वरण का सोडलं?

आई: झिंक आणि मॅग्नेशियमची पावडर त्यात कालवायचे. कडू लागली असेल.

मावशी: त्याला चव, वास, पोत आपल्या कितीतरी पट जाणवतो. त्याच्या भरवशाच्या पदार्थात काही लपवलं की भरवसाच उडतो. म्हणजे एका पावडरीपायी डाळ गेली, आहारापायी पोळी आणि दही गेलं. मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाच्या यादीतून आपण तीन काढले. माझी खरी भीती इथे आहे. २०१३ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले होते. स्वमग्न मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या पाचपट आढळल्या, आणि कॅल्शियम आणि प्रथिनं कमी पडत होती. २००८ मध्ये अमेरिकेत चार ते आठ वर्षांच्या स्वमग्न मुलग्यांच्या हाडांचे एक्स-रे मोजले, तेव्हा हाडांचं कवच पातळ निघालं. ज्यांचं दूध पूर्ण बंद होतं त्यांच्यात ही तूट जवळजवळ दुप्पट होती. फक्त चिप्स आणि पांढरं अन्न खाणाऱ्या मुलांना क जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाल्याच्या नोंदी आहेत. मूल लंगडतं, चालत नाही, आणि लोक म्हणतात स्वमग्नतेचंच काहीतरी असेल. अ जीवनसत्त्वाअभावी नजर गेल्याच्याही नोंदी आहेत.

आई: म्हणून तर बाटल्या देते ना! जे ताटातून जात नाही ते बाटलीतून.

मावशी: जे खरंच कमी आहे ते बाटलीतून द्यावंच, त्याला माझी ना नाही. लिटरभर दुधावर वाढलेल्या मुलाचं लोह बरेचदा कमी असतं, आणि लोह कमी असलं की झोप चाळवते, पाय वळवळतात. त्याचं फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलंय का कुणी? नाही. आणि हे बघ, ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी. कितीदा देतेस?

आई: आठवड्याला. सुरुवातीला सांगितलं होतं, मग चालूच ठेवली.

मावशी: किती दिवस द्यायची हे सांगितलं होतं का? त्याची रोजची गरज साधारण ६०० युनिट. एक पुडी म्हणजे शंभर दिवसांचं. कमतरता असताना डॉक्टर ठरावीक आठवडे देतात, मग थांबवतात. तशीच चालू राहिली तर रक्तातलं कॅल्शियम चढतं. उलट्या, तहान, मूत्रपिंडाला त्रास, आणि बद्धकोष्ठसुद्धा. हे उद्याच डॉक्टरांना दाखव. आणि ही ब-६ ची बाटली. या मात्रेत चांगल्या चाचण्यांत फायदा सिद्ध झालेला नाही, पण जास्त मात्रा बरेच महिने घेतली तर हातापायांच्या नसा बिघडतात. मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मोठा माणूस सांगेल. चिनू कसा सांगेल?

आई: (बाटली उचलून उलटसुलट बघत) हे कुणीच बोललं नाही.

मावशी: ओमेगा-३ नं स्वमग्नतेत फरक पडल्याचा भरवशाचा पुरावा नाही, इजाही सहसा नाही, खिसा तेवढा हलका होतो. ही उंटिणीच्या दुधाची पावडर मात्र मला कळत नाही. केसीन बंद ना तुमच्याकडे?

आई: ते वेगळं असतं म्हणाले. ए-टू गाईचंही चालतं म्हणतात.

मावशी: उंटिणीच्या दुधात केसीन असतं. ए-टू दुधातही असतं. ज्या पदार्थाच्या भीतीनं दही काढलं, तोच महागड्या डब्यातून परत आला. आणि गव्हाचं म्हणशील तर आपल्या बांधानी हिंगात बहुधा मैदा असतो. ज्वारी गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळली जाते. म्हणजे काटेकोर ग्लुटेनमुक्त चिनू कधी नव्हताच, तरी झोपला. यावर विचार कर.

आई: आणि ते नवीन औषध? फोलिनिक अ‍ॅसिड, ल्युकोव्होरिन? अमेरिकेच्या सरकारनंच सांगितलंय.

मावशी: २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथे घोषणा झाली, मेंदूत फोलेट कमी पोचणाऱ्या मुलांसाठी. त्यामागच्या चाचण्या लहान आहेत. ते टॉनिक नाही, औषध आहे. बालमेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून दिलं तरच, ऑनलाइन मागवून कधीच नाही. आणि अंगातला पारा-शिसं काढून देतो म्हणणारा कुणी भेटला, तर तिथून उठून यायचं. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात त्या उपचारात पाच वर्षांचा मुलगा गेला, रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून.

आई: मग मी करू काय, ते सांग. काहीच करू नको असं म्हणू नकोस, तेवढं मला जमणार नाही.

मावशी: करायला खूप आहे. त्याला कुरकुरीत आवडतं ना? वेफर्सच्या शेजारी नाचणीचा पापड ठेव, वेगळ्या वाटीत. खा म्हणायचं नाही. हात लावला, वास घेतला, तोंडात घालून थुंकला, तरी ते पुढचं पाऊल आहे. पापड जमला की ज्वारीची कडक भाकरी, मग पातळ खरपूस थालीपीठ. नवा पदार्थ पंधरावीस वेळा समोर येईल तेव्हा कुठे ओळखीचा होईल. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि त्याची दिवसाची गरज ५५० च्या आसपास. आंबवून आंबील केलीस तर ते अंगीही जास्त लागतं. जेवणाची वेळ, जागा आणि पदार्थ तू ठरव. किती खायचं ते त्याला ठरवू दे. आणि वरण परत आण, बिनपावडरीचं.

आई: आणि दही?

मावशी: दही मला आधी हवंय. दुपारी दोन चमचे. बाकी काहीही बदलायचं नाही त्या दोन आठवड्यांत. झोप आणि शी तू वहीत लिही, आणि त्याच्या शाळेतल्या बाईंना न सांगता त्यांच्याकडून रोजचं वागणं लिहून घे. पोट परत बांधलं तर दही बंद, मी कबूल करेन.

आई: दह्याचं बघते. गव्हाचं मात्र आत्ता नाही ताई. मला पटलं तरी धीर होत नाही.

मावशी: चालेल. भाकरी कुठे वाईट आहे?

दोघींचं एकमत झालं नाही आणि व्हायला हवं असंही नाही. धाकटीनं गहू आणखी काही महिने बंद ठेवला तर चिनूचं फारसं बिघडणार नाही. आपल्या ज्वारी-बाजरी-नाचणी-तांदळाच्या मुलुखात त्याची उपासमार होणार नाही. पण पुडी, ब-६ आणि दूधबंदी यांबाबत मी थोरलीच्या बाजूनं ठाम उभी आहे. आतड्यातले जिवाणू बिघडल्यानं स्वमग्नता येते, असं सांगून बाटल्या विकणाऱ्यांसाठीही एक अभ्यास आहे: २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २४७ मुलांची तपासणी झाली. जिवाणूंमधला जो थोडा फरक दिसला तो मुख्यतः मुलं मोजकंच खातात त्यातून आलेला होता. ताट रुंदावणं हेच तिथलंही काम.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माझी विनंती आहे. गहू बंद करायचा विचार असेल तर त्याआधी सिलिअ‍ॅकची तपासणी करून घ्या. दूध बंद करणार असाल तर कॅल्शियम कुठून येणार हे आहारतज्ज्ञांकडून लिहून घ्या. मूल अचानक आक्रस्ताळं झालं, झोपेनासं झालं, तर आधी पोट, दात आणि कान तपासा. घरातल्या झाडून सगळ्या बाटल्या, पुड्या, डबे एका पिशवीत भरून मुलाच्या डॉक्टरांसमोर ठेवा, मात्रेसकट. आणि दर महिन्याला या बाटल्यांवर जाणाऱ्या पैशांचा हिशेब एकदा मांडा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ योजनेत स्वमग्न व्यक्तीला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही धरला आहे. त्याचा अर्ज अजून भरला नसेल तर या आठवड्यात भरा.